‘इथे मोठ्या माणसांनाही घेता का?’

प्रश्न:

ताई, नमस्कार. मी सांगलीची, वय 48. मुलगा 20 वर्षांचा, पुण्यात इंजिनिअरिंगला होता. पहिल्या वर्षाच्या केट्या राहिल्या, म्हणजे विषय सुटले नाहीत, मग वायडी लागली, वर्षच गेलं, आणि जूनपासून तो घरी आहे. दिवसभर खोलीचं दार लावून बसतो. जेवायला हाक मारली तर ताट आत नेतो. आधी रागावून झालं, मग समजावून झालं. यांनी मित्राच्या मुलाचं उदाहरण दिलं, तेव्हापासून तो वडिलांशी बोलतच नाही. शेवटी एका समुपदेशक बाईंकडे न्यायला लागलो. चार सेशन झाली, प्रत्येकी 800 रुपये. पहिल्या भेटीत थोडा वेळ मी आत होते. तो म्हणाला, ‘मला काही करावंसंच वाटत नाही.’ बाई म्हणाल्या, ‘कशातच मन लागत नाहीये.’ तो म्हणाला, ‘सगळे माझ्याकडे बघतात.’ बाई म्हणाल्या, ‘सगळ्यांच्या नजरा अंगावर आल्यासारखं वाटतं.’ सगळं असंच. उपाय नाही, सल्ला नाही. हे तर पोपटालाही जमेल. मी म्हटलं, याला काहीतरी सांगा ना, तर म्हणाल्या, थोडा वेळ द्या, ही कार्ल रॉजर्स यांची पद्धत आहे. कोण हा माणूस? नुसतं ऐकून कुणी बरं होतं का? पाचव्या सेशनला पाठवू की बंद करू? नवल एवढंच की सेशनचा बुधवार आला की तो न सांगता अंघोळ करून तयार होतो.

ता. क. माझं विशेष काही नाही. फक्त जूनपासून रात्री दोन-अडीचला जाग येते आणि मग त्याच्या दाराखालचा उजेड बघत बसते.

उत्तर:

पाचव्या सेशनला पाठवा. सहाव्यालाही पाठवा. तुम्ही बाईंबद्दल जे लिहिलंय त्यावरून मी हे सांगत नाही, बुधवारच्या त्या एका वाक्यावरून सांगते. जो मुलगा जेवायला बाहेर येत नाही तो न सांगता अंघोळ करून तयार होतो, म्हणजे त्या पाऊण तासात त्याच्या हाती काहीतरी लागतंय. ते मोडू नका.

रॉजर्सकडे वळण्याआधी मात्र एक काम आजच करा. त्याच्याजवळ बसून, आवाज न चढवता, सरळ विचारा: ‘जगणं नकोसं वाटतं का रे? मरणाचे विचार येतात का?’ असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात घुसतो, ही भीती खरी नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून बोलता येतं. उत्तर ‘हो’ आलं, किंवा त्याने उत्तर टाळलं आणि तुमच्या मनाला ते खात राहिलं, तर बुधवारपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर गाठा. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, नंबर 14416. चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आता तुमचा प्रश्न, कोण हा माणूस. मला तो अगदी लहानपणापासून सांगावासा वाटतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सचा जन्म 8 जानेवारी 1902 चा, शिकागोजवळच्या ओक पार्कमधला. सहा भावंडांत चौथा. वडील सिव्हिल इंजिनिअर आणि कंत्राटदार, घरात पैसा होता, माया होती आणि कडक धार्मिक शिस्त होती. पत्ते नाहीत, नाटक नाही, नाच नाही, दारूचं नावही नाही. पुढे रॉजर्सनी लिहून ठेवलंय की पहिल्यांदा सोडावॉटरसारख्या पेयाची बाटली प्यायली तेव्हासुद्धा आपण काहीतरी पाप करतोय असं वाटलं होतं. एकलकोंडा, पुस्तकात डोकं खुपसून बसणारा मुलगा. मनातलं घरी सांगायची सोय नव्हती, कारण जे सांगू ते तोलून चूक की बरोबर ठरवलं जाणार हे त्याला ठाऊक होतं. कुणी त्याला छळलं नव्हतं. आईवडील चांगले होते, तुमच्यासारखेच मुलांच्या भल्यासाठी झटणारे होते.

तो बारा वर्षांचा असताना घर शहर सोडून शेतावर गेलं. वडिलांना शेती शास्त्रशुद्ध करायची होती, म्हणून त्यांनी मुलांना कोकरं, डुकरं, वासरं वाढवायला दिली. या पोराने जनावरांच्या खाद्यावरचा एक जाडजूड ग्रंथ वाचून काढला. दोन सारख्या गटांतल्या जनावरांना वेगवेगळा खुराक द्यायचा, बाकी सगळं सारखं ठेवायचं आणि मग दूध किती वाढलं ते मोजायचं, हे तो तिथे शिकला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. माणसाच्या दुःखावर बोलण्याचा इलाज चालतो की नाही, हे मोजून बघायची हिंमत पुढे ज्याने केली, त्याने मोजण्याचे पहिले धडे गोठ्यात गिरवले होते.

कॉलेजात तो शेतकी शिकायला गेला, मग धर्मोपदेशक व्हायचं ठरवून इतिहासाकडे वळला. 1922 मध्ये एका ख्रिस्ती विद्यार्थी परिषदेसाठी चीनला गेला आणि सहा महिने घरापासून लांब राहिला. त्या काळी टपालाला इतके दिवस लागत की त्याच्या बदललेल्या विचारांवर घरून रागाचं पत्र येईपर्यंत तो आणखी पुढे गेलेला असे. तिथे पहिल्यांदा त्याने स्वतःच्या डोक्याने विचार केला. परतल्यावर पोटात अल्सर निघाला, इस्पितळात राहावं लागलं. मग 1924 मध्ये हेलनशी लग्न, न्यूयॉर्कमध्ये धर्मशास्त्राचं कॉलेज, ते अर्ध्यात सोडून मानसशास्त्र. वीस ते पंचवीस या वयात त्याने किती रस्ते बदलले, मोजून बघा.

माझ्या मते खरी गोष्ट रॉचेस्टरमध्ये घडली. 1928 पासून बारा वर्षं तो त्या गावात, हालअपेष्टा सोसलेल्या आणि हाताबाहेर गेलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेत होता. मुलाची तपासणी करायची, पालकांना बोलवायचं, कारण शोधायचं, उपाय सांगायचा. तुम्हाला बाईंकडून जे हवंय, नेमकं तेच. तिथे एक हुशार बाई आपल्या द्वाड मुलाला घेऊन आली. रॉजर्सना कारण स्पष्ट दिसत होतं: मूल लहान असताना आईने त्याला मनापासून जवळ केलं नव्हतं. भेटीमागून भेटी झाल्या, त्यांनी ते तिला हळुवारपणे, निरनिराळ्या वाटांनी पटवून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. शेवटी त्यांनी हात टेकले. म्हणाले, आपण दोघांनी प्रयत्न केला, जमलं नाही, आता थांबलेलं बरं. तिला ते पटलं. हस्तांदोलन झालं, ती दारापर्यंत गेली. मग मागे वळली आणि विचारलं, ‘इथे मोठ्या माणसांनाही घेता का?’

ते म्हणाले, घेतो. ती परत येऊन खुर्चीत बसली आणि बोलायला लागली. नवऱ्याशी बिनसलेलं, घरातली घुसमट, आपण कुठेतरी चुकत गेलो ही टोचणी. इतके दिवस ती सांगत होती त्या ‘मुलाच्या माहिती’त यातलं काहीच नव्हतं. रॉजर्स पुढे लिहितात की काय करावं हे त्यांना सुचेना, म्हणून ते बहुतेक ऐकतच राहिले. पुष्कळ भेटींनंतर तिचा संसार सावरला आणि मुलाचा द्वाडपणाही ओसरला. कुठे दुखतंय, कोणत्या दिशेला जायचंय, काय खोल गाडलेलं आहे, हे दुखणाऱ्यालाच ठाऊक असतं, हा धडा त्यांनी त्या बाईकडून घेतला. पुढचं सगळं काम तिथून फुटलं.

11 डिसेंबर 1940 ला मिनेसोटा विद्यापीठात त्यांनी भाषण दिलं. सल्ला देणं, समजूत घालणं, मनाचं विश्लेषण करून सांगणं, या सगळ्या जुन्या रीतींवर त्यांनी त्यात बोट ठेवलं. लोक खवळले. काहींनी उचलून धरलं, काहींनी झोडपलं. आपल्या पद्धतीचा जन्मदिवस म्हणून रॉजर्स तीच तारीख सांगत. तोवर ते ओहायोला प्राध्यापक झाले होते.

आता तो भाग, ज्यासाठी मी त्यांना मानते.

तोपर्यंत मानसोपचाराच्या खोलीत काय बोललं जातं ते बाहेर कुणाला कळत नव्हतं. उपचार करणारा नंतर आठवून टिपणं लिहायचा आणि लोक त्यावर विश्वास ठेवायचे. रॉजर्सनी खोलीत मायक्रोफोन बसवला, ज्याचं संभाषण होतं त्याची संमती घेतली, आणि तारा शेजारच्या खोलीत नेल्या. टेप तेव्हा नव्हती. शेजारी ग्रामोफोनच्या तबकड्या कोरणारी दोन यंत्रं होती. एक तबकडी तीनेक मिनिटांत भरायची, म्हणून एक संपता संपता दुसरी सुरू करायची, आणि हे तासभर. मग त्या घासल्या आवाजातून एकेक शब्द उतरवून काढायचा. हे किचकट काम त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलं. 1942 मध्ये रॉजर्सनी पुस्तक काढलं, त्यात एका रुग्णाच्या आठही भेटी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत छापल्या, नाव तेवढं बदलून. मानसोपचाराची आख्खी केस अशी शब्दशः लोकांसमोर ठेवण्याची ही पहिलीच वेळ.

आणि ऐकताना काय निघालं? बर्नार्ड कॉव्हनर नावाच्या विद्यार्थ्याने समुपदेशकांची टिपणं आणि ध्वनिमुद्रणं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. टिपणांत फार मोठा भाग गळून गेला होता. मुद्दाम खोटं कुणी लिहिलं नव्हतं, आठवणच तशी असते. त्याहून मोठा धक्का स्वतःचा आवाज ऐकणाऱ्यांना बसला. आपण रुग्णाला मोकळं बोलू देतो अशी ज्यांची खात्री होती, ते तबकडीवर त्याला मध्येच तोडत होते, आपल्याला हव्या त्या विषयाकडे ओढत होते, त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तोडगा ठेवत होते.

हे मला पुस्तकातून कळलं त्याच्या आधी स्वतःवरून कळलं. समुपदेशन शिकत असताना, समोरच्या व्यक्तीच्या परवानगीने, माझं पहिलं सेशन रेकॉर्ड केलं होतं. मी खूप छान ऐकलं अशा समजात घरी गेले. दुसऱ्या दिवशी ते लावलं. ती बाई रडायला लागली त्या क्षणी, तिचा हुंदका पुरा व्हायच्या आत, मी म्हणत होते, ‘होईल सगळं नीट.’ तिच्यासाठी नव्हे, तिचं रडणं मला सहन झालं नाही म्हणून. ते वाक्य आजही मला ऐकू येतं. म्हणून तुम्हालाही विचारते: जूनपासून त्याच्याशी झालेलं एखादं बोलणं तबकडीवर असतं, तर त्याचा आवाज किती मिनिटं असता?

तुम्ही ‘पोपट’ म्हणालात. अशी टीका अमेरिकेतही झाली आणि रॉजर्सना ती फार लागली. ऐकण्याचं त्यांचं काम लोकांनी एका युक्तीत बसवलं: समोरचा बोलला की त्याचंच वाक्य फिरवून म्हणायचं. पुढे तर ‘भावना परत दाखवणं’ हा शब्दप्रयोगच त्यांना नकोसा झाला. म्हातारपणी त्यांनी लिहिलं की आपण परतवत काही नसतो, आपल्याला समजलं ते बरोबर आहे का हे समोरच्याकडून तपासून घेत असतो.

आता तुमच्या पत्रातलीच वाक्यं पुन्हा बघा. मुलगा म्हणाला, ‘सगळे माझ्याकडे बघतात.’ बाई म्हणाल्या, ‘सगळ्यांच्या नजरा अंगावर आल्यासारखं वाटतं.’ पोपट ‘सगळे माझ्याकडे बघतात’ एवढंच म्हणाला असता. ‘अंगावर येणं’ हे बाईंनी घातलं. त्याने तक्रार सांगितली होती, बाईंनी त्याखालची भीती ऐकली आणि ती बरोबर ऐकली का हे विचारलं. आपण घरी काय म्हणतो? ‘छे रे, कोण बघतंय तुझ्याकडे, लोकांना काय दुसरे उद्योग नाहीत?’ धीर द्यायलाच म्हणतो. पण त्याच्या कानावर येतं ते ‘तुला वाटतं ते खोटं आहे.’ मग तो पुढचं सांगत नाही. तुम्ही चांगल्या आई आहात. वर सांगितलेल्या शेतावरचे आईवडीलही चांगले होते.

नुसतं ऐकून कुणी बरं होतं का, हा तुमचा प्रश्न मला आवडला, कारण रॉजर्सनीही तो स्वतःच्या कामाला विचारला आणि ‘माझा अनुभव आहे’ एवढ्यावर भागवलं नाही. शिकागो विद्यापीठात त्यांनी समुपदेशन केंद्र उभं केलं, 1945 ते 1957 तिथे होते. तिथल्या मोठ्या अभ्यासाचा ग्रंथ त्यांनी रोझालिंड डायमंड यांच्याबरोबर 1954 मध्ये काढला. त्यातला एक प्रयोग सांगते. माणसाच्या हाती 100 कार्डं द्यायची, प्रत्येकावर स्वतःबद्दलचं एक वाक्य. आधी ‘मी कसा आहे’ याप्रमाणे ती लावायची, मग ‘मला कसं असायला आवडेल’ याप्रमाणे पुन्हा लावायची. दोन्ही मांडण्या अगदी एक निघाल्या तर आकडा 1, काहीच मेळ नसला तर 0. उपचाराला आलेल्या 25 जणांचा सुरुवातीचा सरासरी आकडा होता उणे 0.01. म्हणजे मी जो आहे त्याचा आणि मला जो व्हायचंय त्याचा एकमेकांशी संबंधच नाही. उपचारानंतर तो 0.34 वर गेला आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हाही बराचसा टिकला. काही जणांना आधी 60 दिवस थांबायला लावलं होतं, नुसत्या दिवस जाण्याने फरक पडतो का ते पाहायला. त्या मुदतीत म्हणावा असा फरक पडला नाही. गोठ्यातला हिशेब इथे कामाला आला.

उणे 0.01 हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ त्याच्यापाशी थांबले. वायडी लागलेल्या मुलाच्या खोलीत आत्ता तेच तर आहे. तुम्ही त्याला ‘काय व्हायचंय’ ते पुन्हा पुन्हा सांगता. ते त्याला पाठ आहे. ‘मी आत्ता जो आहे’ त्याच्याकडे कुणीतरी तोंड न फिरवता बघावं, हे राहून गेलंय.

1956 मध्ये अमेरिकेच्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने वैज्ञानिक कामगिरीसाठी पहिल्यांदाच पुरस्कार दिले, तेव्हा तिघांमध्ये रॉजर्स होते. पुढच्या वर्षी त्यांनी एक धाडसी विधान केलं. उपचार करणारा खरा असेल, मुखवटा लावून बसलेला नसेल, समोरच्याला अट न घालता स्वीकारत असेल आणि त्याचं जग आतून समजून घेत असेल, आणि हे समोरच्याला थोडंतरी पोचत असेल, तर तेवढं पुरतं, असं ते म्हणाले. आवश्यक आहे इतकंच नव्हे, पुरेसं आहे.

‘पुरेसं’ या शब्दावर मी त्यांच्यासोबत नाही. त्यांचाच पुढचा अभ्यास त्या शब्दाला पुरा पडला नाही. 1957 मध्ये ते विस्कॉन्सिनला गेले आणि मेंडोटाच्या सरकारी मनोरुग्णालयातल्या स्किझोफ्रेनिया असलेल्या रुग्णांवर हेच करून पाहिलं. सहकाऱ्यांत कडू भांडणं झाली, प्रयोगाची माहिती गहाळ झाली, ग्रंथ निघायला 1967 उजाडलं. एकंदरीत उपचार मिळालेल्यांत आणि न मिळालेल्यांत अपेक्षेएवढा फरक निघाला नाही. ज्या रुग्णांना खरोखर समजून घेणारा माणूस लाभला, त्यांचं बरं झालं. रॉजर्सनी हेही छापलं. माझ्या लेखी हा त्यांचा मोठेपणा.

त्या रुग्णालयातला एक तरुण तर बोलतच नसे. रॉजर्स त्याच्याबरोबर कित्येक महिने बसले. भेटीत मिनिटांमागून मिनिटं शांततेत जात. एकदा तो पुटपुटला की मी कुणाच्याच कामाचा नाही, कधी नव्हतो आणि होणारही नाही. रॉजर्सनी ‘असं बोलू नये’ म्हटलं नाही. आपण अगदीच कामाचे नाही असं तुला वाटतंय, हे ते म्हणाले, आणि पुढे हेही म्हणाले की तू कुणाच्या कामाचा असशील-नसशील, मला तुझी काळजी आहे. पुन्हा शांतता. मग तो मुलगा हमसून हमसून रडला. काही वर्षांनी, रुग्णालय सुटल्यावर, त्याने रॉजर्सना फोन करून आपलं बरं चाललंय असं कळवलं. एका मुलाच्या गोष्टीने सिद्ध काही होत नाही, तरी ती मी तुमच्यासाठी लिहिली.

ऐकणं पाया आहे, त्यावर पुष्कळदा आणखी बांधावं लागतं. याचा दाखला फार लांब नाही, आपल्या शेजारी गोव्यात आहे. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘संगथ’ संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, तीव्र नैराश्य असलेल्या सुमारे 500 जणांवर अभ्यास केला. 2017 च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो आहे. उपचार करणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. सहा ते आठ भेटी. आधी माणसाचं ऐकायचं, मग त्याच्यासोबत रोजच्या जगण्यातली छोटी छोटी कामं ठरवायची आणि ती झाली का ते पाहायचं. तीन महिन्यांनी त्यांच्यातल्या 64 टक्के लोकांचं नैराश्य ओसरलं होतं, नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत 39 टक्के. आणि हे समुपदेशक आपल्या सेशनची रेकॉर्डिंग एकत्र बसून ऐकत, एकमेकांना गुण देत. ओहायोच्या तबकड्यांची ही रीत गोव्याच्या आरोग्य केंद्रापर्यंत आलेली पाहून मला भरून येतं.

म्हणून बाईंना दोन गोष्टी जरूर विचारा. त्याच्या झोपेबद्दल, भुकेबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत. ती बिघडून दोन आठवड्यांवर झाले असतील तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं का? आणि आणखी तीन-चार भेटींनंतर काय बदललेलं दिसायला हवं? चांगला समुपदेशक या प्रश्नांनी दुखावत नाही. ‘आत काय बोलला’ हे मात्र त्यांना विचारू नका, आणि परत येताना गाडीवर त्यालाही विचारू नका. ती खोली त्याची राहू द्या.

घरी एकच बदल करून बघा. त्याच्याशी बोलताना वाक्याची शेपटी कापा. ‘आज जरा बरं दिसतोयस, मग कॉलेजचं काय ठरवलंस?’ यातला दुसरा भाग म्हणजे शेपटी. आपण पहिला भाग दुसऱ्यासाठीच बोलतो आणि मुलांना ते पहिल्या अक्षरालाच कळतं. ताट द्यायला जाल तेव्हा दारात उभं राहून बोलू नका. चालेल का विचारून आत दहा मिनिटं बसा. तो फोन बघत राहिला तरी बसा. ‘हे सगळं फार जड चाललंय तुला’ इतकं म्हणा आणि तिथेच थांबा. पुढची शांतता तुम्हाला खायला उठेल. ती भरून काढू नका. तो काही बोलला तर त्याचं वाक्य पुरं होऊ द्या, मनात पाच आकडे मोजा. चुकीचं बोलला तरी लगेच दुरुस्त करू नका. काही दिवसांनी एखादं लहानसं काम द्या, गिरणीवरून दळण आणण्याएवढं. आणलं की ‘आणलंस, बरं झालं’ एवढंच म्हणा. ‘बघ, मनात आणलं तर जमतं’ हे नको, ती पुन्हा शेपटीच.

यांच्यासाठी निरोप आहे. मित्राच्या मुलाचं नाव या घरात पुन्हा निघू नये. आणि एकदा, अगदी एकदाच, मुलाला जाऊन म्हणावं, ‘तेव्हा मी तसं बोलायला नको होतं.’ पुढे ‘पण’ लावू नये. मुलगा काही बोलणार नाही. तरी म्हणावं.

आता तुमच्या ता. क. कडे येते. पत्र वाचत होते तेव्हा सगळीकडे तो होता: त्याच्या केट्या, त्याचं दार, त्याचं ताट, त्याच्या बाई. आणि सगळं संपल्यावर, सही करायच्या बेतात, तुम्ही वळून लिहिलंत की माझं विशेष काही नाही, फक्त रात्री जाग येते. मला रॉचेस्टरची ती बाई दारात वळलेली दिसली.

1949 च्या सुमाराला रॉजर्स स्वतः असे कोसळले होते. एका अतिशय बिघडलेल्या रुग्ण स्त्रीला मदत करता करता त्यांचं स्वतःचं मन ताब्याबाहेर गेलं. आता मी वेडा होणार असं वाटून ते एक दिवस तडकाफडकी हेलनला घेऊन शिकागोबाहेर निघून गेले, दोन-तीन महिने परतले नाहीत. आल्यावर आपल्याच एका सहकाऱ्याकडे रुग्ण म्हणून बसले. तेव्हा ते अमेरिकेच्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचे माजी अध्यक्ष होते, पुस्तकं नावाजलेली होती. तरीही बसले. मी स्वतःही कुणाच्या मायेच्या लायकीचा आहे, हे मला तिथे उमगलं, असं त्यांनी नंतर सांगितलं. त्यापुढे 4 फेब्रुवारी 1987 ला जाईपर्यंत ते काम करत राहिले, उत्तर आयर्लंडमध्ये, दक्षिण आफ्रिकेत, एकमेकांचे वैरी असलेल्या लोकांना एका खोलीत बसवून एकमेकांचं ऐकायला लावत.

तुम्ही जूनपासून, रोज रात्री, दोन-अडीचला, दाराखालच्या उजेडाकडे बघत बसता. तो जिवंत आहे ना, हेच बघता ना? मी चुकत असेन तर सांगा. त्या वेळी मनात आणखी काय काय येत असेल, ते तुम्ही कुणाला सांगितलं असेल असं वाटत नाही. यांना नाही, बहिणीला नाही. बुधवारी त्याला सोडून बाहेरच्या बाकावर बसता तेव्हा बाईंना विचारा, माझ्यासाठी तुमच्या ओळखीत कुणी आहे का, वेगळ्या वारी. त्या हो म्हणतील. तोवर मला पुन्हा लिहा. या वेळी मुलाबद्दल एक ओळही नको. दोन-अडीचला जाग येते तिथून सुरू करा.